ओक आजींचा नकार

माझ्या नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. पाहुणे जेवायला आले की भात वाढता वाढता तो म्हणतो, "हिनं जन्मभर लोकांना बोलायला शिकवलं आणि घरात कोणाला बोलू दिलं नाही." पाहुणे हसतात, मीही हसते, आणि मग कोणीतरी विचारतंच, "म्हणजे वहिनी, तुम्ही नक्की करायचात काय?" स्पीच थेरपिस्ट म्हटलं की लोकांना बोबडी नाहीतर तोतरी मुलं आठवतात. माझ्या वाट्याला मुलं जवळजवळ आलीच नाहीत. ऑकलंडच्या एका रुग्णालयात, पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा हिंडतं-फिरतं करणाऱ्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. फिजिओनं हातपाय बघायचे आणि मी गळ्यापासून वरचं बघायचं. घास गिळता येतो का, समोरच्याचं समजतं का, मनातलं सांगता येतं का. यातलं पहिलं काम जिवाशी निगडित असतं म्हणून सगळे त्याला मान देतात. पाणी प्यायल्यावर ठसका लागणाऱ्या माणसाला ते पावडर घालून घट्ट करून द्यावं लागतं. त्या पावडरीचे डबे माझ्या कपाटात कायम असायचे आणि माझ्या काळ्या पँटवर तिचे पांढरे डाग. ही पावडर पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

बोलण्याबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना पटवणं फार कठीण जातं. आपण जे बोलतो त्यातलं काही आपण बनवतो आणि काही नुसतं बाहेर पडतं. दोन्हींच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात राहणारा नीलेश नावाचा एक पुण्याचा इंजिनियर होता. त्याचे वडील मुलाकडे म्हणून आले आणि इथेच त्यांना झटका आला. काही दिवस तोंडातून शब्द नाही. मग एका सकाळी नीलेशचा फोन आला, "काकू, बाबा बोलले! हीप्स बोलले! लवकर या." हीप्स म्हणजे इथल्या बोलीत भरपूर. मी गेले तर काका उशीला टेकून अख्खी आरती म्हणत होते, एक ओळ न चुकता, चांगल्या हातानं मांडीवर ठेका धरून. सूनबाई डोळे पुसत होती. आरती संपली तेव्हा मी विचारलं, "काका, तुमचं नाव काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, कपाळाला घाम आला, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरती सुरू केली.

आरती, एक ते दहा आकडे, 'बरं का', 'अरे देवा', आणि शिव्या. हे सगळं पाठ झालेलं असतं, ते वाहून येतं. दुसऱ्या एका खोलीत चर्चमधले एक सज्जन वडीलधारे होते, त्यांच्याकडे एक शिवी तेवढी शिल्लक राहिली होती. सकाळच्या 'किया ओरा' या माओरी नमस्कारालाही ते तिनंच उत्तर द्यायचे आणि त्यांची बायको बिचारी पाठोपाठ सगळ्या नर्सांची माफी मागत फिरायची. आरती म्हणता आली म्हणजे चहा मागता येतो असं नाही, हे मी नीलेशला कितीदा सांगितलं असेल. त्याला ते पटलं नाही आणि त्याला मी दोष देत नाही.

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात, काका अजून वॉर्डात असताना, आमच्याकडे एक कोरियन आजी आल्या. त्यांचं नाव ओक-सून. कागदावर वाचल्यावर मला आधी सदाशिव पेठेतले ओकच आठवले, आणि तेव्हापासून मनातल्या मनात मी त्यांना ओक आजी म्हणू लागले. वय ऐंशीच्या घरात. ऑकलंडच्याच अवोन्डेल भागात छोट्या युनिटमध्ये एकट्या राहायच्या आणि तिथल्या रविवारच्या बाजारात स्वतः घातलेली किमची बरण्यांत भरून विकायच्या. किमची म्हणजे कोबी-मुळ्याचं त्यांचं आंबवलेलं लोणचं. एकुलती मुलगी सुजिन वेलिंग्टनला सरकारी खात्यात होती. झटक्यानं आजींचा उजवा हात गेला, पाय ओढू लागला, ओठ उजवीकडे उतरला, आणि शब्द उरला एकच. "ने."

कोरियन भाषेत 'ने' म्हणजे 'हो', तोही अदबीचा. मराठीत तो 'घेऊन जा' असा होतो, आणि पुढे जे घडू घातलं होतं ते पाहता मला तो मराठीतच ऐकू यायचा. नर्सांना आजी फार आवडायच्या. चहा हवा? "ने." दुखतंय? "ने." पडदा लावू? "ने." असा पेशंट कोणाला नको असतो? सुजिन शनिवारी विमानानं यायची, आईचा हात हातात घेऊन तिच्या भाषेत विचारायची, "आई, अवोन्डेलचं घर विकूया? माझ्या जवळच्या रेस्ट होममध्ये, वृद्धाश्रमात, राहशील?" आजी तिच्याकडे बघत म्हणायच्या, "ने."

झालं, ठरलंच. पुढच्या आठवड्यात सगळ्यांची बैठक घेऊन निर्णय घ्यायचा होता. आमची सोशल वर्कर टीना ही मनानं सोन्यासारखी बाई, पण तिच्यावर खाटा रिकाम्या करण्याचं ओझं असायचं. तिला मी कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"टीना, हा होकार नाहीये. ही आरती आहे."

"ही काय आहे?"

मी तिला काकांची गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे बघ डिअर, तिच्या मुलीनं विचारलं, तिच्या भाषेत विचारलं, आणि ती हो म्हणाली. एकदा नाही, दर वेळी. मी डॉक्टरांना काय सांगू? थेरपिस्टला ते भजन वाटतं?"

"मला बैठकीपर्यंत वेळ दे."

"स्वीट ॲज," म्हणजे चालेल, टीना म्हणाली, "पण बैठक पुढे जाणार नाही."

आजींना सगळं समजत होतं, याबद्दल मला शंका नव्हती. आमच्या दुभाषी मिसेस चो यांनी कोरियनमध्ये 'चमचा दाखवा' म्हटलं, की आजी चमचाच दाखवायच्या. पण 'नाही' म्हणायचं असलं तरी तोंडातून 'ने'च यायचं, त्याच्याबरोबर सवयीनं मानही होकारार्थी हलायची, आणि मग स्वतःचंच उत्तर ऐकून त्या डाव्या हातानं पांघरुणावर एक चापट मारायच्या. ती चापट कोणी मोजत नव्हतं. हो-नाहीची रंगीत चित्रकार्डं मी समोर ठेवली. त्यांनी ती नीट जुळवून, पत्त्यांसारखा गठ्ठा करून, मला अदबीनं परत दिली. लहान मुलांचा खेळ वाटला असणार. लिहायला दिलं तर डावा हात पेन धरून नुसता थांबायचा. शब्द कुठे गेलेला नव्हता, तोंडाला आणि हाताला त्याची वाट सापडत नव्हती.

अशा वेळी आमच्या धंद्यातला पहिला उपाय म्हणजे आरसा. "माझ्या तोंडाकडे बघा, जीभ कुठे लागते बघा, आता तुम्ही करा." तीसेक वर्षं मी हेच करत आले होते. ओक आजींपुढे आरसा धरला आणि त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. डावा हात तोंडावर गेला तो हलेना. मी माझं तोंड दाखवायला वाकले तर डोळे मिटून घेतले.

मिसेस चो मला बाहेर घेऊन गेल्या. "त्यांच्या वयाच्या बायका हसतानाही तोंड झाकतात. माझी आई झाकायची. आणि आता तर ओठ वाकडा आहे. तुम्ही त्यांना तोच दाखवताय."

मी चिडले. मिसेस चोंवर नाही, आजींवरही नाही, त्या आरशावर. माझा स्वभाव मुळात घाईचा. समोरचा क्षणभर थांबला की त्याचं वाक्य मीच पुरं करते, नवऱ्याची तक्रार खोटी नाही. आणि नशिबानं धंदा मिळाला तो वाट बघण्याचा. दिवस चालले होते, बैठक येत होती, आणि आजी तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

डोकं थंड करायला मी कॉरिडॉरमधल्या बाकावर मिसेस चोंच्या शेजारी टेकले. त्या आपल्या टिपणवहीत भराभर काहीतरी लिहीत होत्या. चौकोन, गोल, उभ्या-आडव्या काठ्या. नुसतं बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमची अक्षरं कशी असतात हो?"

त्यांनी एक चौकोन काढला. "हा म. म्हणजे मिटलेलं तोंड." मग एक काटकोन. "हा न. बघा, जिभेचं टोक वर टेकलंय." मग तोच काटकोन उलटा. "हा ग. जिभेची मागची बाजू उचलून घसा अडवते. हा स, हा दात. आणि हा गोल म्हणजे घसा, उघडा."

मी बाकावरून उठलेच. शाळेत आम्हाला बाईंनी कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य शिकवलं होतं. क-ख-ग म्हणताना गळ्याला हात लावून बघा, प-फ-ब म्हणताना ओठ बघा. आपल्या वर्णमालेतही अक्षरं तोंडातल्या जागांप्रमाणे रांगेत बसवलेली आहेत, त्याचा मला भारी अभिमान होता आणि आहे. पण 'क' कडे बघून जीभ कुठे जाते हे कळत नाही. यांनी तर अक्षरात तोंडच काढून ठेवलं होतं. मी ज्या आकृत्या रोज कागदावर खरडत होते, त्या एका अख्ख्या देशाच्या लिपीत होत्या.

"हे कोणी केलं?"

"आमच्या एका राजानं," मिसेस चो म्हणाल्या. "साडेपाचशे वर्षांच्या वर झाली. त्याआधी आम्ही चिनी अक्षरं वापरायचो. हजारो अक्षरं, आयुष्य जायचं शिकण्यात. शेतकऱ्यानं कधी शिकायची?" दरबारातल्या पंडितांना नवी लिपी मुळीच आवडली नव्हती. आपण रानटी ठरू, असं त्यांचं म्हणणं. पुढे कितीतरी काळ ती बायकांची, खालच्या लोकांची लिपी म्हणून हिणवली गेली. बायका मात्र तीतच माहेरी पत्रं धाडत राहिल्या, गोष्टी लिहीत राहिल्या. चारशे वर्षांनी कुठे दरबाराला तिची लाज वाटेनाशी झाली, तर लगेच परकं राज्य आलं, आणि अखेरी अखेरीला शाळांमधून कोरियन भाषाच हद्दपार झाली. चौकोन-काठ्या बघून लोक म्हणायचे की राजाला ही अक्षरं खिडकीच्या जाळीवरून सुचली. मग राजाच्या वेळचा एक जुना ग्रंथ सापडला, त्यात तोंड, जीभ, दात, घसा सगळा खुलासा होता. आता तिकडे या अक्षरांच्या नावानं सुट्टी असते. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो, तेवढ्यावर खूश असतो. अक्षरांसाठी ऑफिसं बंद ठेवणारा देश मी पहिल्यांदाच ऐकला.

"राजानं का केली ही लिपी, ते आम्ही शाळेत पाठ करायचो," मिसेस चो वही मिटत म्हणाल्या. "साधारण अर्थ असा की, माझ्या साध्या माणसांना काही सांगायचं असतं आणि सांगता येत नाही, त्याचं मला वाईट वाटतं."

मला खरंच भरून आलं. माझ्या नोकरीचं वर्णन एवढ्या थोडक्यात मला स्वतःला कधी करता आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सुजिनला फोन लावला. आईला लिहायला-वाचायला कोणी शिकवलं? ती म्हणाली, "शाळेत तिला परकीच भाषा शिकवली. आपली अक्षरं तिला तिच्या आईनं शिकवली, स्वयंपाकघरात, चुलीतली राख जमिनीवर पसरून. माझी आजी सांगायची ना, बाहेर कोणाची चाहूल लागली की पायानं पुसून टाकायची." मग तिनं विचारलं, "का हो? काही झालं का?" मी म्हटलं, अजून नाही.

रुग्णालयात राख कुठून आणणार? पण माझ्या कपाटात डबे होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ट्रेमध्ये मी पाणी घट्ट करायची ती पावडर पसरली, पातळ थर दिला आणि ट्रे ओक आजींच्या पुढ्यात सरकवला. बोटानं एक चौकोन काढला. वाकडाच आला. आजींनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि एखाद्या मास्तरणीनं पाटी पुसावी तसा तळहातानं पुसून टाकला. मग डाव्या हाताच्या बोटानं, हळूहळू, स्वतः काढला. चारही कोपरे नीट.

आणि काढता काढता त्यांचे ओठ मिटले. "म्म्."

नवं लिहिणं जमत नव्हतं, पण समोरचं गिरवणं जमत होतं, आणि बोट गिरवत गेलं की तोंड त्याच्या मागे जात होतं. शिवाय जो हात तोंडावर जायचा तोच आता पावडरीत गुंतला होता. वाकडा ओठ उघडा होता आणि आजींच्या ते लक्षातही नव्हतं. मिसेस चो पलंगाच्या कडेला बसून पुटपुटत होत्या, बहुधा प्रार्थना. नर्स येऊन ओरडली की ही काय घाण केली आहे. मी म्हटलं, अभ्यास चाललाय, नंतर ये.

दिवस थोडे होते, म्हणून शब्द एकच निवडला. 'ने' मधला न आजींकडे होताच. नवीन काही नको, आहे त्याच्या आजूबाजूला बांधायचं. गोल, घसा उघडा, त्याला काठी, आ. मग न आणि उभी काठी, नी. शेवटी अदबीचा यो. आ-नि-यो. कोरियन भाषेत 'नाही'.

मिसेस चो जरा कचरल्या. "पेशंटला मी शब्द शिकवायचे नसतात. आणि हाच?"

"हो म्हणता येतं आणि नाही म्हणता येत नाही, त्या माणसाच्या होकाराला काय अर्थ आहे?" मी म्हटलं. "आपण उत्तर शिकवत नाही, दुसरा पर्याय देतोय. वापरायचा की नाही ते त्या ठरवतील."

पहिल्या दिवशी नुसता 'आ' आला. मग 'आ' आणि बऱ्याच वेळानं 'नी'. मग बोट तिन्ही अक्षरांवरून न थांबता गेलं. बैठकीच्या आदल्या दुपारी मी उलटसुलट प्रश्न विचारले, मिसेस चो सांगत गेल्या. हे रुग्णालय आहे का? "ने." हा चमचा आहे का? चमचाच होता. "ने." मी कोरियन आहे का? आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझं कुंकू बघितलं, बोट ट्रेमध्ये फिरलं. "आ... नि... यो." आणि त्या हसल्या. हसल्याबरोबर हात तोंडावर गेला आणि पावडरीची पाचही बोटं गालावर उमटली. मिसेस चो आणि मी दोघी शाळकरी पोरींसारख्या हसलो.

दाराशी टीना उभी होती. तिनं बघितलं होतं. "पोपटासारखं पढवलं नाहीस ना तिला?" तिनं विचारलं.

"उद्या तूच विचार. तुला हवं ते, हव्या त्या क्रमानं."

बैठकीला आजींना चाकाच्या खुर्चीतून आणलं. सुजिन वेलिंग्टनहून आली होती, चेहरा ओढलेला. ट्रे न्यायचं मी ठरवलं होतं, पण आजींनी डाव्या हातानं तो बाजूला सारला. मी तो तिथेच ठेवून दिला. टीनानं खरंच काहीबाही विचारलं. बाहेर पाऊस आहे? "ने." होता. ही तुमची बहीण आहे? आजींनी लेकीकडे बघितलं. "आ-नियो." सुजिननं दचकून वर पाहिलं. आईच्या तोंडून 'ने'खेरीज शब्द तिनं झटक्यानंतर पहिल्यांदाच ऐकला होता.

मग डॉक्टरांनी विचारलं आणि मिसेस चोंनी जसंच्या तसं सांगितलं, "अवोन्डेलचं घर विकून वेलिंग्टनच्या रेस्ट होममध्ये राहायचं का?"

आजींचे ओठ हलले, आवाज आला नाही. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या जिभेवर तो शब्द तयार होता, ढकलून दिला असता तर बाहेर पडला असता. मी जीभ दातांखाली धरली. जन्मात एवढी गप्प मी कधी बसले नसेन. मग मला दिसलं, मांडीवरच्या शालीवर आजींचं बोट फिरत होतं. एक गोल. एक काठी.

"आनियो."

डॉक्टर हुशार होते, त्यांनी प्रश्न फिरवून विचारला. "मग अवोन्डेलच्या आपल्या घरी परत जायचं आहे?"

"ने," आजी म्हणाल्या. आणि या वेळी शालीवर चापट पडली नाही.

मी सुजिनकडे बघायला घाबरत होते. लेकीनं दूरवर सगळी व्यवस्था करून ठेवलेली. पण ती आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि मग मिसेस चोंना न थांबता काहीतरी सांगत होती. त्या आमच्यासाठी सांगू लागल्या, "ती म्हणते, आईनं आयुष्यात माझं एकही ऐकलं नाही. आता मी विचारते त्याला ती हो म्हणते, म्हणून मला वाटलं आई संपली. मला तिला तिथे ठेवायचंच नव्हतं. तिलाच जायचंय असं मला वाटत होतं." टीनानं टिश्यूचा खोका पुढे केला आणि त्यातला पहिला स्वतः घेतला. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी मोठ्यानं गाणी म्हटली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मदतनीस लावून आजी घरी गेल्या, पण पुढेही मोजकेच शब्द परत आले. आणि नीलेशच्या वडलांचं मला आजही वाईट वाटतं. ओक आजींनंतर मी त्यांच्यासाठी क, प, न ट्रेमध्ये गिरवून बघितले. काका प्रेमानं गिरवायचे, तोंड मात्र मागे जायचं नाही. आपल्या अक्षराला डोक्यावर रेघ आहे, आत तोंड नाही. शिवाय प्रत्येकाचा झटकाही वेगळा. ते पुण्याला परत गेले ते आरती घेऊनच गेले.

निवृत्तीच्या आधीच्या एका रविवारी नवऱ्याला घेऊन अवोन्डेलच्या बाजारात गेले. शेजारच्या भाजीवालीनं टेबल मांडून दिलं होतं आणि मागे खुर्चीवर, गुडघ्यांवर शाल घेऊन, ओक आजी. मला त्यांनी ओळखलं. हसल्या, हात तोंडाकडे गेला. मी लालभडक किमचीची मोठी बरणी उचलली.

आजींनी तोंडावरचा हात काढला, बरणी माझ्या हातातून घेतली, आणि जागेवर ठेवली. "आनियो." मग फिकी, कमी तिखटाची, छोटी बरणी पुढे सरकवली.

"अहो हाल्मोनी," आजीला त्यांच्याकडे असं म्हणतात, "आम्ही कोल्हापूरकडचे. आम्हाला तिखट चालतं, तुम्ही जरा..."

"आनियो," आजी भर बाजारात म्हणाल्या, वाकड्या ओठांनी, खणखणीत.

"वा!" मागून नवरा म्हणाला. "हिला गप्प करणारं माणूस अखेर सापडलं. आणि बोलायला शिकवलं तेही हिनंच."

मी फिकी बरणी पिशवीत टाकली आणि एक शब्द बोलले नाही.